लाकडातलं पीठ

ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमच्या नात्यात जेवढी घरं आहेत, त्यांतल्या एकाही घरात अशी लाकडी वस्तू सापडणार नाही, जी आमच्या मोठ्या वन्संनी उलटी करून पाहिलेली नाही. इतर लोक कुणाकडे गेले की चपला काढतात, पाणी पितात, मग घरातल्यांची खुशाली विचारतात. वन्सं चपला काढता काढताच वाकून चपलांच्या रॅकखाली बघतात. पाणी येईपर्यंत सोफ्याच्या पायांवरून त्यांचं बोट फिरलेलं असतं, आणि खुशाली विचारायची वेळ येते तेव्हा त्या बहुधा डायनिंग टेबलाखाली असतात. तिथूनच आवाज येतो, "बाकी सगळे बरे ना?" यजमान टेबलाच्या वरच्या बाजूला बसून "हो, बरे" म्हणतात, पण त्यांचा आवाज जरा धास्तावलेला असतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना समोर ताई म्हणते, पाठीमागे वन्सं म्हणते, आणि माझी मुलगी केतकी त्यांना आत्तू म्हणते. लग्न त्यांनी केलं नाही. सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून केली, आणि निवृत्त झाल्यावर डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये एकट्या राहू लागल्या. आम्ही तोवर घोडबंदर रोडला आलो होतो. निवृत्त नर्स एकटी राहते म्हटल्यावर लोकांना वाटलं, या आता पोथी वाचतील, बागेत फिरायला जातील, कुणाचं ब्लडप्रेशर मोजून देतील. वन्संनी ब्लडप्रेशर मोजायला साफ नकार दिला. "माणसं फार बोलतात," त्या म्हणाल्या. "पट्टा बांधला की त्यांना सुनेबद्दल सांगायचं असतं." पहिल्याच वर्षी शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्याला कीड लागली, आणि वन्संना न बोलणारा पेशंट मिळाला.

तो देव्हारा त्यांनी बरा केला तो प्रसंग अजून त्या मजल्यावर सांगतात. देवांना तात्पुरतं फ्रिजवर हलवण्यात आलं. काकू रोज सकाळी स्टुलावर चढून फ्रिजला हळदकुंकू वाहत होत्या. इकडे वन्संच्या गॅलरीत देव्हारा वर्तमानपत्रावर आडवा निजवलेला, आणि त्याच्याशेजारी वन्सं तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे आणि बोटांत इंजेक्शनची सिरिंज घेऊन बसलेल्या. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतात. त्या प्रत्येक भोकात सुई घालून त्या औषध सोडत, वरून मेणाने तोंड बंद करत, आणि पुढच्या भोकाकडे वळत. चाळीस वर्षं माणसांच्या शिरा शोधलेला हात होता तो. एकही भोक सुटत नसे. मग सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं, आणि काही दिवसांनी सोडून खाली काळा कागद अंथरायचा. रोज सकाळी चहाच्या आधी राऊंड. कागदावर पांढरं दिसलं, की आत कुणीतरी जिवंत आहे. सलग बरेच दिवस कागद कोरा राहिला, की डिस्चार्ज. हा शब्द त्या गंमत म्हणून वापरत नसत. एकदा त्या एका तिरक्या स्टुलाला "हलू नकोस, झालंच" असं म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

वाळवीबद्दल मात्र त्यांना फारसं कौतुक नाही. "वाळवी सरळ येते गं," त्या मला समजावून सांगत. "भिंतीवर मातीचे रस्ते बांधत, वाजतगाजत. आंधळ्यालाही दिसेल. हे भुंगेरे तसे नाहीत. हे लाकडातच अंडी घालतात, लाकडातच वाढतात, वर्ष वर्ष आतच खात बसतात. पोट भरलं की भोक पाडून बाहेर येतात आणि उडून जातात. आपल्याला दिसतं ते त्यांचं जायचं दार." मग चिमटीत धरलेलं ते पिवळसर पांढरं पीठ माझ्या तळहातावर सोडत. "बघ कसं मऊ आहे. नाचणीच्या सत्त्वासारखं." त्या दिवसापासून आमच्या घरात नाचणीचं सत्त्व आलेलं नाही.

स्वयंपाकघरातल्या लाकडाला औषध लावायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. त्यामुळे पोळपाट, लाटणी, रव्या, लाकडी उलथणी यांच्यासाठी त्यांचा फ्रीजर. पिशवीत घट्ट बांधून ठेवून द्यायचं, थंडीने आतला जीव मरतो. आमचे हे एकदा बहिणीकडे गेले असताना वन्संनी मोठ्या प्रेमाने "आइस्क्रीम आहे बघ वरती" म्हटलं. यांनी फ्रीजर उघडला तर आत वेगवेगळ्या घरांची लाटणी, आणि त्यांच्याखाली कुठेतरी आइस्क्रीम. हे वागळे इस्टेटच्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लोखंडात काम केलेले. लाकडाबद्दल त्यांना माया नाही. "ताई," ते म्हणाले, "डोंबिवलीच्या हवेत एवढी केमिकलं, माणसं खोकून बेजार, आणि तुझे हे किडे मरत कसे नाहीत गं?"

"ते आत असतात ना, बाळू," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "हवा बाहेर असते."

केतकीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट तर दोन्हीकडची माणसं एकत्र जमली की निघतेच. मुलगा तिच्याच ऑफिसातला, त्यांचं त्यांनी ठरवलेलं. आम्ही फक्त रीतीप्रमाणे बोलणी करायला कल्याणला त्यांच्या घरी गेलो होतो. पोहे आले, चहा आला. मी वन्संना रिक्षातच बजावलं होतं की आज काही उलटं करायचं नाही, आणि त्यांनी ते मानलं होतं. पण पोह्यांची बशी ठेवताना त्यांचं बोट टीपॉयच्या कडेखालून गेलंच. बोट बाहेर आलं, अंगठ्यावर घासलं गेलं, आणि त्या होणाऱ्या विहीणबाईंकडे झुकून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"किती दिवसांपासून आहे हे?"

"काय?" विहीणबाई दचकल्या.

"त्यात लपवण्यासारखं काही नाही हो. चांगल्या चांगल्या घरांत असतं. वरून काही कळत नाही. आतून पोखरत असतं."

वन्सं नर्स होत्या हे विहीणबाईंना सांगितलेलं होतं. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. चेहरा पांढरा पडला. "अहो, लहानपणी थोडा दमा होता त्याला, एवढंच. डॉक्टर म्हणालेले वयात आला की जाईल. गेला. खरंच गेला. तुम्हाला कसं कळलं?"

मुलाला पोह्यांचा ठसका लागला. त्या क्षणी तो ठसका दम्यासारखाच वाटला. केतकी उठून त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "काकू, मला माहितीये, त्याने सांगितलंय मला." आणि मग वन्सं म्हणाल्या, "त्याचं नाही हो. टीपॉयचं."

साखरपुड्याच्या आधीच तो टीपॉय डोंबिवलीला आला. बरा होऊन परत कल्याणला गेला, आणि त्याच्याबरोबर विहीणबाईंचं मनही वन्संनी जिंकलं. पुढे त्या दोघी फोनवर इतकं बोलू लागल्या की माझ्या मुलीच्या सासरची बातमी मला नणंदेकडून कळायची.

गेल्या वर्षी केतकीला दिवस गेले. डोहाळजेवणाला वन्सं आल्या होत्या. फुलांच्या वाडीत नटून बसलेली केतकी मध्येच म्हणाली, "आत्तू, आपला पाळणा आहे ना गं अजून माळ्यावर? तोच बांधू या बारशाला."

"आहे म्हणजे?" वन्सं म्हणाल्या. "ठणठणीत आहे."

हा पाळणा वन्संच्या जन्माच्या वेळी त्यांच्या वडिलांनी कोकणातून आणलेला. लाखेचे रंग चढवलेले कातीव दांडे, लाल, हिरवे, पिवळे, चार कोपऱ्यांना चार लाकडी मोर. आधी वन्सं त्यात झोपल्या, मग त्यांची धाकटी भावंडं, शेवटी आमचे हे. सासूबाई सारख्या आजारी, तेव्हा पाळण्याची दोरी लहानपणापासून वन्संच्याच हातात. एका पायाने झोका आणि मांडीवर पाटी, असा त्यांचा अभ्यास झालेला. नंतर केतकीही त्यातच मोठी झाली. ती पायावर उभी राहिल्यावर वन्संनी तो स्वतः पुसून, चादरीत बांधून माळ्यावर चढवला होता.

उन्हाळा लागल्यावर एका रविवारी आम्ही दोघं डोंबिवलीला गेलो. हे शिडीवर चढले, मी शिडी धरली, वन्सं खाली हात पसरून उभ्या. गाठोडं खाली आलं. "हलका वाटतोय गं," हे वरून म्हणाले. वन्संनी जमिनीवर ठेवून चादरीची गाठ सोडली, आणि चादरीच्या घडीतून पीठ ओघळलं. थोडंथोडकं नाही. रांगोळीचा डबा कलंडावा तसं. कोपऱ्यातला एक मोर मानेपाशी सुटून त्या पिठात पडला.

"घ्या," हे शिडीवरून म्हणाले, "अख्ख्या गावाचे किडे मारतेस आणि..." पुढचं त्यांनी गिळलं. वन्सं खाली बसल्या होत्या. गुडघेदुखीमुळे त्या जमिनीवर बसत नाहीत, पण बसल्या होत्या.

"माझ्याच घरात," त्या म्हणाल्या. "मी रोज याच्या खाली झोपते."

मी त्यांना पाणी दिलं. ते त्या प्यायल्या, पदर खोचून उठल्या. त्यानंतरचा महिनाभर त्या दुसऱ्या कुठल्याही पेशंटकडे फिरकल्या नाहीत.

औषध घालणं त्यांना सगळ्यात सोपं होतं. पण ते घालायला त्या तयार नव्हत्या. "बाळं कठडा चोखतात," त्या म्हणाल्या. "केतकीने तर मोराची चोच चोखून चोखून पांढरी केली होती. यात औषध जाणार नाही." फ्रीजरमध्ये पाळणा मावत नव्हता. राहिलं ऊन. रोज सकाळी पाळण्याचे सुटे केलेले भाग काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून गच्चीवर न्यायचे, दुपारभर तापू द्यायचे, संध्याकाळी खाली आणायचे. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि वय सत्तरीच्या पुढे. हे फोनवर ओरडले, "ताई, अगं नवीन घेऊ! इथे मॉलमध्ये एकाहून एक मिळतात."

"घरातलं माणूस आजारी पडलं की नवीन आणतात का रे?" म्हणून वन्संनी फोन ठेवला.

मी अधूनमधून जात असे. मे महिन्यातली डोंबिवलीची गच्ची, पाय भाजत असायचे, आणि वन्सं छत्री घेऊन त्या काळ्या गाठोड्यांपाशी उभ्या. घामाने साडी अंगाला चिकटलेली. मी म्हणायचे, "ताई, खाली चला, ऊन आपलं काम करेल." त्या म्हणायच्या, "तू हो पुढे." मग रात्री कागद अंथरायचा, सकाळी बघायचं. पहिल्यांदा पीठ पडलं. मग थोडं कमी. एक दिवस सकाळीच फोन आला. वन्संचा आवाज इतका आनंदी मी फार वर्षांनी ऐकला. "अगं, कागद कोरा आहे! कालही कोराच होता, मी मुद्दाम सांगितलं नाही." त्यानंतरही त्यांनी आणखी कित्येक दिवस वाट पाहिली. कागद कोराच राहिला.

पाळणा जोडला गेला. यांनी खिळे, बिजागऱ्या, साखळ्या नव्या आणल्या, मोराची मान चिकटवली. छताची जुनी कडी अजून जागेवर होती. पाळणा टांगल्यावर खोली एकदम भरल्यासारखी वाटली. रंग तसेच चमकत होते. लाखेने सगळं झाकून घेतलं होतं. "काय दिसतोय!" हे म्हणाले. लोखंडाचा माणूस, पण त्यांचेही डोळे जरा चमकले.

"थांब," वन्सं म्हणाल्या. त्यांनी आतून तांदळाची पिशवी आणली, बाळाच्या वजनाची, दुपट्यात गुंडाळलेली, आणि पाळण्यात ठेवली. झोका दिला. पाळणा छान हलला. दुसरा झोका दिला. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायलाही लागल्या. मग सवयीने त्यांचा हात कठड्यावर गेला आणि त्यांनी अंगठ्याने दाबलं. चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा अंगठा आत गेला. वरचा लाखेचा रंग पापुद्र्यासारखा फाटला. त्याच्या आत लाकूड असं उरलंच नव्हतं, नुसती जाळी होती. त्यांनी दुसरीकडे दाबलं. तिथेही तेच. त्यांनी पिशवी उचलून घेतली, खरंच बाळ असावं तशी छातीशी धरली, आणि मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. इस्पितळातली इतक्या वर्षांची सवय. मग म्हणाल्या, "गेला."

"असं काय करतेस ताई," हे घाईघाईने म्हणाले. "आतून प्लायवुड मारतो. बारशापुरतंच तर आहे, नाव ठेवेपर्यंत. वरून कुणाला कळतंय?"

"बाळू, बारा दिवसांच्या बाळाला 'बघू या काय होतं' म्हणून कशात ठेवतात का?" त्या ओरडल्या नाहीत. "कीड मेली रे. पण तिने खाल्लं ते थोडंच परत येणार आहे? काढ खाली."

यांनी पाळणा उतरवला. एखादा मोर तरी आठवण म्हणून ठेवू या, असं मी म्हणून पाहिलं. वन्संनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा त्या स्वतः खाली गेल्या, गाडीतल्या माणसाला एकेक तुकडा हातात दिला, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या.

केतकी तेव्हा बाळंतपणासाठी आमच्याकडे होती, दिवस भरत आलेले. फोनवर सांगून चाललं असतं. पण अशी बातमी नातेवाइकांना फोनवर द्यायची नसते, हा वन्संचा जुना शिरस्ता. डोंबिवलीहून बस, रिक्षा असं करत, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास अडकून त्या भर दुपारी आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पाहून केतकी पोट सावरत उठली. "आत्तू, काय झालं? बाबा कुठेयत?"

"बाबा बरा आहे. बस तू," वन्सं म्हणाल्या, आणि स्वतः उभ्याच राहिल्या. "पाळणा गेला गं. मी वेळेवर बघितलं नाही. सगळ्यांचं बघत फिरले आणि तुझा पाळणा..."

केतकी खालचा ओठ चावून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, सांगू?" मी म्हटलं, सांग. "आत्तू, मी ना... स्टीलचा स्टँड मागवलाय ऑनलाइन. झोळीवाला. कधीचाच येऊन पडलाय, त्या बेडखाली लपवलाय. तू गच्चीवर उन्हात उभी राहतेस हे कळल्यावर तुला सांगायची माझी डेअरिंगच होईना."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांना जे हसू आलं ते काही केल्या थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदराने पुसलं, तरी येतच राहिलं. केतकीने त्यांना ओढून शेजारी बसवलं.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला बहीण नाहीये. मग बाळाच्या कानात कुर्र कोण करणार? सासूबाईच म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला बोलवायचंच नाही, तुझी आत्तू हवी."

"म्हणजे मी दोन पिढ्यांची आत्या?" वन्सं नाक ओढत म्हणाल्या. "बरं. काढ तो स्टँड, बघू दे."

केतकीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी वन्संनी आपली एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी आणली होती. त्या स्टँडबरोबर आलेली नायलॉनची झोळी त्यांनी काढून बाजूला ठेवली आणि साडीची झोळी बांधली. गाठी तीन-तीनदा ओढून पाहिल्या. बायकांनी पाळणा म्हटला, वन्संनी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. नाव चार अक्षरांचं, पण त्या वाकल्या त्या वाकल्याच. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "अहो, एवढं काय सांगताय तिला?"

"नाव सांगून झालंय," वन्सं म्हणाल्या. "आता आमचं दुसरं चाललंय."

जेवणं झाली, पाहुणे पांगले. केतकी आत झोपली. मी स्वयंपाकघर आवरून बाहेर आले तर वन्सं झोळीशेजारी खुर्चीत बसलेल्या, मान खांद्यावर कललेली. गाढ झोपल्या होत्या. पण हातात झोळीची दोरी होती आणि हात थांबलेला नव्हता. एका लयीत पुढे मागे, पुढे मागे, झोपेतच चालू होता.

केतकी लहान असताना आम्ही सगळे डोंबिवलीत एकत्रच राहत होतो आणि मी ठाण्याला बँकेत नोकरी करत होते. वन्संनी तेव्हा आपणहून रात्रपाळ्या मागून घेतल्या होत्या. रात्रभर वॉर्डात जागून सकाळी घरी यायच्या, आणि मी निघाले की केतकीला घेऊन बसायच्या. "दिवसा झोप होते गं माझी," असं त्या मला सांगत, आणि मलाही ते खरं वाटत असे, कारण त्या सगळ्या दुपारी मी बँकेत होते.

मी दोरी त्यांच्या हातातून हळूच सोडवायला गेले. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण बोटं आवळली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे लागलाय तिचा डोळा."

मी पंखा जरासा कमी केला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.